पत्र्यात कापलेलं नाव

नातीने लग्नपत्रिकेचा नमुना माझ्या हातात ठेवला. जाड-बारीक रेघांची अक्षरं, टोकांना नाजूक वळसे, आणि प्रत्येक अक्षर मध्येच कुठेतरी तुटलेलं. "आजी, हा स्टेन्सिल फॉन्ट. एकदम नवा आहे," ती म्हणाली. नवा कसला! माझ्या सासरी, कल्याणला, पन्नासच्या दशकात अशी अक्षरं पत्र्यातून कापली जात होती आणि त्यांचे उपकार मी अजून विसरलेली नाही.

माझे सासरे, आमचे मामंजी, शहाडकडच्या एका कारखान्यात लाकडी खोक्यांवर पत्ते रंगवत. अक्षरं कापलेला पत्रा खोक्यावर दाबून धरायचा आणि आखूड केसांचा ब्रश त्यावर आपटायचा, की झालं. काम रुक्ष, पण माणूस हौशी. परदेशी खोक्यांवरची नक्षीदार अक्षरं पाहून त्यांनी आपल्या मराठी अक्षरांनाही तसाच थाट दिला आणि आळीतल्या नवऱ्यामुलींच्या ट्रंकांवर त्यांच्या हातची नावं मिरवू लागली. अक्षर मध्ये का तोडता, असं मी एकदा विचारलं. "न तोडता कापलं तर 'व'चं पोट गळून पडेल ना! तेवढी पट्टी ठेवावीच लागते," ते म्हणाले आणि पुन्हा कानस घासू लागले.

मी ठाण्याच्या नौपाड्यातली. तेव्हा लग्नात मुलीचं स्वतःचं नावही बदलत. ताटातल्या तांदळांत नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं. मामंजींच्या थोरल्या बहिणीने, आत्याबाईंनी, माझं नवं नाव ठरवून ठेवलं होतं. जुनं नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं. ते गेले होते. त्यांचं म्हणून माझ्याजवळ एवढंच उरलं होतं. पण बोलायची छाती कुठून आणायची?

ताट मांडलं आणि मामंजी माझी ट्रंक उचलून सगळ्यांसमोर घेऊन आले. आधीच त्यांच्याकडे रंगवायला पाठवलेली. झाकणावर पिवळ्या रंगात माझं माहेरचं नाव, सगळ्या वळशांसकट.

"अरे, हे काय करून बसलास?" आत्याबाई कडाडल्या. "नाव बदलायचंय ना?"

"कापून झालं, अक्का."

"मग दुसरं काप!"

मामंजी माझ्याकडे वळले. "पोरी, तुला कोणतं हवं? सांग, तेच कापतो."

मला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. "हेच," मी म्हणाले. आणि तांदळांतही तेच उमटलं. त्या माणसाचे उपकार कोणत्या शब्दांत मानू?

आठवड्याभराने, दुपारची सामसूम असताना, सासूबाई मामंजींच्या कामाच्या पाटाशी येऊन उभ्या राहिल्या. मी तिथेच तांदूळ निवडत होते.

"अहो, माझंही एक कापाल?"

"कोणतं?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांचं माहेरचं नाव त्या घरात तीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. मामंजींनी पेन्सिल उचलली आणि आणखी काही न विचारता पत्र्यावर पहिलं अक्षर आखायला घेतलं. सासूबाई ते अक्षर पाहत राहिल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावून हळूच खाली बसल्या.