तुडवलेले गोटे

हिमाचलातल्या या नदीत थंडी सुरू झाली की ट्राउट माशाची मादी शेपटीने गोटे घासून अंड्यांसाठी जागा करते. शेवाळलेल्या तळाशी तेवढाच पट्टा उजळ दिसतो. आज सकाळी ती प्रवाहाविरुद्ध झटताना दिसली आणि मी ठरवलं, आता बोलायचंच.

वीस वर्षांपूर्वी, पिसांची खोटी माशी लावलेला गळ लांब पडावा म्हणून मी अशाच पट्ट्यावर, अंड्यांवरच उभा राहिलो. नदीचा सरकारी रखवालदार ओरडला, तेव्हा मी वाटाड्या प्रेमसिंगकडे बोट दाखवलं, "यानेच उभं केलं." त्याचा परवाना गेला. खरं तर त्याने मला दोनदा अडवलं होतं.

दुपारी त्याच्या दारात सगळं कबूल केलं. "मत्स्यखात्याच्या कचेरीत चला, चूक माझी होती असं लिहून देतो."

प्रेमसिंगने टोपी घातली. "येतो साहेब. पण या वेळी काठाकाठाने चला."