पावतीवरचं नाव

महागावच्या स्टँडसमोर तो दिसला की मी आधी आजूबाजूला पाहायचो. त्याचा पक्ष इवलासा, तालुक्यात वर्गणी मागणारा तो एकटाच. मी शिकवतो ती शाळा मात्र मोठ्या पक्षाच्या पुढाऱ्याची. तो तब्येत विचारायचा, मग पेनाचं टोपण दातात धरून पावतीपुस्तक काढायचा.

"पक्ष लहान हाये सर, पण पावती पक्की देतो."

पन्नास रुपये देताना मी दर वेळी बजावायचो, "माह्यं नाव टाकू नका, भाऊ." तो काहीतरी लिहायचा. पावती मी न वाचताच फाडून टाकायचो.

परवा टपरीवर चहा झाल्यावर त्यानं टोपण दातात धरून पुस्तक काढलं, तेवढ्यात पुढाऱ्याची दोन माणसं आली. एकानं पुस्तक हिसकावलं आणि कार्बनखालच्या प्रती उलटू लागला. मी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"साऱ्या पावत्यांवर तुह्यंच नाव? दुसरं कोनी देत नाही काय तुले?"

"कोन देईन, भाऊ?" तो हसला.

दुसऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. "हे कोन?"

त्यानं दातातलं टोपण काढलं, माझ्याकडे नीट पाहिलं. "काय मालूम. जागा नव्हती म्हनून बसले इथं."

मीही मान डोलावली.