तिला लाईट नको

“तिला लाईट नको. उन्हात उभी करा.”

सर म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, फोटोग्राफरकडे बघून.

गिरीज गावातल्या एका वाडीत, सर चालवतात त्या आमच्या नाटकाच्या ग्रुपचे हेडशॉट चालले होते. खांद्यापासून वर, नुसता चेहरा. कास्टिंगवाले आधी तोच फोटो बघतात, आवडला तर ऑडिशनला बोलावतात. केळींच्या सावलीत मोठा मऊ लाईट लावला होता. ग्रुपमधल्या गोऱ्या मुली एकेक करून स्टुलावर बसल्या. कुणाची हनुवटी वर, कुणाची मान तिरकी. प्रत्येकीच्या चेहऱ्याखाली, उजेड तोंडावर परतवणारा पांढरा रिफ्लेक्टर धरून मीच उभी होते. हात भरून आले होते. पण वाटत होतं, आता आपली पाळी.

माझी पाळी आली तेव्हा सरांनी पिशवीतून लुगडं काढलं. आणि मासळीची पाटी.

मी कळंबची. बाप समुद्रात जातो, आई मासळी विकते. त्याची लाज कधीच नव्हती. पण त्या दिवशी मी निळा शर्ट इस्त्री करून घालून आले होते. म्हटलं, “सर, माझा साधा काढा ना. सगळ्यांसारखा.”

सरांच्या बाजूला मुंबईहून आलेला एक कास्टिंगवाला बसला होता. त्याला ते म्हणाले, “ही आमची कळंबची. मासेवाली, कामवाली, काहीही द्या. मेकअपसुद्धा लागत नाही.” मग माझ्याकडे वळून, “अगं, ते ‘पानी’ म्हणून दाखव ना यांना.”

सगळे हसले.

हेच सर. मी ग्रुपमध्ये नवीन होते तेव्हा तहान लागली तरी गप्प बसायचे. तोंडातून ‘पानी’ निघेल म्हणून. सरांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “तुझी बोली लपवू नकोस. स्टेजवर सगळे सारखे.” त्या एका वाक्यावर मी त्यांना देव मानलं. आणि देवाने माझी बोली कशासाठी जपली? पाहुण्यापुढे नाचवायला.

“नाही म्हणणार,” मी बोलले.

“अगं, गंमत.”

“तुमची. माझी नाही.”

मी तशीच निघाले. माझी जिवाभावाची मैत्रीण स्टुलावर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ उजेड धरला होता. तिने मान खाली घातली आणि मोबाईल बघत राहिली. हे सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी आईने विचारलं, “कोन काय बोललं?” सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. थांबली. “मी पाटी उचलते ती पोटासाठी. त्याच्या तमाशासाठी नाय.”

मावसभावाचा कॅमेरा मागून आणला. टायमर लावून काढलेले पहिले फोटो भयंकर आले. समोरून उजेड घेतला की चेहरा सपाट, कपाळ तेलकट. मग दाराच्या बाजूला बसले. उजेड एकाच अंगाने येऊ दिला, दुसऱ्या अंगाला आईने बर्फाच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण धरलं. गालाचं हाड उमटलं. जबड्याची रेघ उमटली. डोळ्यांत दाराचा उजेड चमकला. मी काळीच दिसत होते. जेवढी आहे तेवढी. पहिल्यांदाच माझ्यासारखी.

पुढे सरांचा फोन आला. “रुसलीस काय? मोलकरणीचा रोल आहे. तुझंच नाव दिलंय.”

“मोलकरीण करेन, सर. माझा फोटो बघून बोलावलं तर. तुम्ही दाखवली म्हणून नाही.”

ग्रुप सुटला. मैत्रीणही सुटली. आता मी माझा फोटो स्वतःच पाठवते. अजून बोलावणं नाही. परवा एका कास्टिंगवाल्याने कळवलं, “थोडा उजळ करून पाठवा.”

मी तोच फोटो त्याला पुन्हा पाठवला.