आ कोणता, जा कोणता

वडनेर भोलजीत हायवेला लागून ट्रक दुरुस्तीची दुकानं आहेत, त्यांतल्या कडूबा मिस्त्रीच्या दुकानावर पाटी नाही. पाटी पाहिजे कशाला? त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू असला की आवाजावरून माणूस बरोबर पोचतो. आधी शिव्या खायच्या, मग गाडी दुरुस्त होणार, हा तिथला रिवाज. "गाडी चालवतं का ढोरं हाकलतं बे?" हा त्याचा रामराम. साठी ओलांडली तरी जीभ काही बोथट झाली नाही. पण हाताला यश होतं, म्हणून लोक मुकाट ऐकून घ्यायचे.

रस्त्याच्या पलीकडे मेहबूबचं लेथचं दुकान. एके काळी दोघांचं मिळून एकच दुकान होतं. कडूबानं इंजिन उघडायचं आणि लागेल तो भाग मेहबूबनं लेथवर कातून द्यायचा. मग एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकादेखत मेहबूब बोलून गेला, "कडूबाचं काय, खोल-फिटवाला हाये तो. नट खोलायचे अन् फिट करायचे. डोकं तं माह्यं लागते." झालं. कडूबानं त्याच दिवशी पान्याची पेटी उचलली आणि रस्ता ओलांडला. तेव्हापासून अबोला. दुकानं समोरासमोर, चहा एकाच टपरीचा, पण एकानं दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. समजूत घालायला गेलेल्या भल्या माणसांनाही दोघांनी असं काही फटकारलं की त्यांनी तो नाद सोडला. मी म्हणतो, दोन म्हातारे भांडले तर भांडोत, त्यांचं त्यांना. पण भांडण काही घरात बसून राहत नाही ना.

कडूबाला एकच मुलगी, मनाली. धामणगाव बढ्याला दिलेली. तिचा नवरा हर्षल स्वतःचा ट्रक चालवतो. जुन्या इंजिनाला माल भरून राजूरचा घाट झेपेना, म्हणून मनालीनं अंगावरचे दागिने मोडले आणि दोघांनी एका मोठ्या गाडीचं टर्बो इंजिन आणून त्याच ट्रकात बसवलं. इंजिन बसलं, पण जागा पुरेना. ऑईल फिल्टर नेमका चेसिसला घासायला लागला. एकदा घाटात त्याचा पत्रा फाटून सगळं तेल रस्त्यावर गेलं. हर्षलनं तेवढ्यात इंजिन बंद केलं म्हणून ते वाचलं. आता फिल्टर तिथून काढून चेसिसच्या बाहेरच्या अंगाला न्यायचा आणि मधे दोन होज पाईप टाकायचे, एवढंच काम होतं. एका पाईपातून तेल फिल्टरकडे जाणार, दुसऱ्यातून गाळून इंजिनात परत येणार.

हर्षल बदली ड्रायव्हर म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर गेला होता. मनालीच ट्रक घेऊन बापाच्या दारात आली आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "बाबा, हे इंजिन गेलं तं आमच्याजवळ दुसरं काईच नाई. तुमच्यानं होत असंन तरच हात लावा."

"माह्यानं नाई होत तं कोनाच्यानं होते?" कडूबा तिच्यावरच उखडला.

फिल्टरसाठी नवी बैठक कातून पाहिजे होती. कडूबा म्हणाला, नांदुऱ्याहून करून आणतो. "समोर चाचा बसले असताना नांदुऱ्याले काऊन?" मनालीनं पुठ्ठ्यावरचं माप उचललं आणि बापाच्या नाकावर टिच्चून रस्ता ओलांडला. कडूबा पाठीमागून बडबडत राहिला, पण त्यानं तिला थांबवलं नाही. जिल्ह्यात तसं काम दुसरं कोणी करत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

बैठक आली. अशी गुळगुळीत की बोट फिरवत बसावं. दोन भोकं, एकाजवळ 'आ' ठोकलेला, दुसऱ्याजवळ 'जा'. आवक आणि जावक. मनालीनं निरोपही आणला, "चाचा म्हणत होते, अक्षर समजलं नाई तं बापाले म्हणा, इथं येऊन इचार."

कडूबाचं डोकं सणकलं. हे आ आणि जा मुळात त्याच्याच डोक्यातून निघालेलं. दुकान एक असताना त्यानंच कायदा घालून दिला होता, की खूण इंजिनाकडून वाचायची. इंजिनात तेल येतं तो आ, इंजिनातून जातं तो जा. आणि आता हा लोखंड छिलणारा त्यालाच अक्षर शिकवायला निघाला. "त्याले म्हणा, तुह्या बापाले इचारीन," असं काहीतरी तो पुटपुटला आणि ट्रकखाली शिरला.

बैठकीत एकाच दिशेनं वाट देणारी झडप असते, उलट्या बाजूनं तेल ती जाऊ देत नाही. नुसती फुंकर मारून पाहिली असती तरी कळलं असतं, हवा कुठून शिरते आणि कुठून निघते ते. कोणाचंही काम कडूबा तसं तपासून घ्यायचा. मेहबूबचं त्यानं कधीच तपासलं नव्हतं. ज्या माणसाच्या नावानं रोज बोटं मोडायची, त्याच्या खुणेवर त्यानं डोळे मिटून पाईप कसले. इंजिनात तेल नेणारा पाईप 'आ'ला, इंजिनातून येणारा 'जा'ला.

तेल भरलं, मनालीनं केबिनमध्ये बसून चावी फिरवली, इंजिन सुरू झालं.

"बाबा, तेलाचा काटा उठून नाई राह्यला."

"पाईप नवे हायेत. भरू दे तेल."

"अजूनबी नाई उठला."

"तो काटा आधीपासूनच अटकते. तुह्याच नवऱ्यानं सांगतलं मले. उतर खाली."

काटा खरंच अधूनमधून अडकायचा, ते काही खोटं नव्हतं. पण अशा वेळी इंजिन बंद करून एक पाईप ढिला करून तेल येतं का ते पाहायचं, हे कडूबाला सांगायची गरज नव्हती. त्यानं तेच केलं असतं. पण तेवढ्यात पलीकडचा लेथ थांबला आणि मेहबूब दुकानाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. तो बघतोय म्हटल्यावर कडूबा केबिनमध्ये चढला आणि त्यानं ॲक्सिलेटर दाबला.

आवाज बदलला. आतून खडखड यायला लागली. मेहबूब लुंगी सावरत, एका बसच्या पुढून रस्ता ओलांडून धावत आला. "बंद कर बे कडूबा, कोरडं चालून राह्यलं ते."

इतक्या वर्षांनी तो बोलला ते हे. कडूबाला स्पष्ट ऐकू आलं. आणि मेहबूब म्हणाला म्हणूनच त्यानं पाय थोडा जास्त वेळ दाबून धरला. मग बंद करायची गरजच उरली नाही. इंजिन एक आचका देऊन आपोआप थांबलं.

पहार लावून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवून पाहिला. आधी कडूबानं एकट्यानं, मग मेहबूबनंही पहारीला हात घातला. दोघांनी मिळून जोर लावला, दोघांच्याही मानेच्या शिरा फुगल्या. क्रँक तसूभर हलला नाही.

मेहबूबनं वाकून पाईप पाहिले. "आ म्हंजे काय समजला तू?"

"इंजिनातली आवक. आपला कायदाच हाये तो."

"आपला होता. तू गेला तवापासून मी माह्या कामाकडून खूण मारतो. फिल्टरात येते तो आ. साऱ्या रोडले मालूम हाये."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं ना. इचारायले बलावलं तुले."

मनाली इतका वेळ ट्रकच्या चाकाला टेकून उभी होती. ती मेहबूबला म्हणाली, "चाचा, तुम्हाले शक होता ना? माह्या हातात बैठक देली, तवा मलेच सांगून द्याचं होतं."

मेहबूबनं नजर चुकवली. "यानं इचाराले पाह्यजे होतं, बेटी."

"अन् बाबा तुम्ही?"

"त्यानं सांगाले पाह्यजे होतं," कडूबा म्हणाला.

म्हणजे एवढं होऊनही ते दोघं तिथंच. मनालीनं फोन काढून मलकापूरच्या एका गॅरेजचा नंबर शोधला आणि ट्रक ओढून न्यायला गाडी बोलावली. कडूबा मधे बोलला, "मनाली, मी खोलतो. बेअरिंग गेल्या असतीन, क्रँक गेला नसंन अजून. मले पाहू दे."

"हात लावू नका. तुम्हीबी नाई चाचा." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या भांडणाले हा एवढा रोड पुरला नाई, म्हून माह्या इंजिनात घेऊन आले."

दिवस कलता कलता मलकापूरची गाडी आली. ड्रायव्हर अनोळखी, पोरसवदा, साखळी कुठं अडकवायची ते शोधत होता. कडूबा पुढं झाला, साखळी घेऊन ट्रकपुढं उकिडवा बसला. मनालीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि त्या ड्रायव्हरला दिली.