गुडघ्यांखालचा दगड

संगमरवराचा गारठा डोळ्यांनाही लागतो, हे मला लंडनच्या एका संग्रहालयात कळलं. पाचशे वर्षांपूर्वी कुणा इटालियन शिल्पकाराने कोरलेलं ते उठावशिल्प: गोठ्यात जन्मलेला बाल येशू, वर मेघांतून ओथंबणारे देवदूत, डावीकडे मेंढपाळ, कोपऱ्यात गालाला हात लावून पेंगणारा जोसेफ, आणि मधोमध, हात जोडून, नुसत्या दगडावर गुडघे टेकलेली मेरी. काय ती बोटांची कोमलता, काय त्या वस्त्रांच्या चुण्या! माणसं श्वास रोखून पाहत होती, आणि माझं मात्र डोकं तडकलं होतं.

अहो, ही ओली बाळंतीण आहे ना? मग हिला गुडघ्यांवर कुणी बसवलं? शिल्पकाराने बाळाच्या मांडीची वळी कोरली, मेंढीच्या लोकरीची एकेक बट कोरली. पण त्या माउलीच्या गुडघ्यांखाली घोंगडीची एक घडी सरकवावी, एवढं त्या प्रतिभावंताला सुचू नये? घोंगड्या तर मेंढपाळांच्या खांद्यांवर ढिगाने आहेत. स्वर्गातून आलेले, पृथ्वीवरून आलेले, सगळे बाळाकडे बघतायत. पूजा करणं हा न पाहण्याचा किती प्रतिष्ठित मार्ग आहे!

हा राग एकट्या शिल्पकारावरचा नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. आमची सई पहिल्या बाळंतपणाला साउथहॅम्प्टनहून माहेरी, लंडनच्या कडेला स्टॅनमोरला आली. पाचवीच्या संध्याकाळी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि माझं ठेवणीतलं पेन मांडलेलं. आसपासचं निम्मं हॅरो आमच्या फ्रंट रूममध्ये. नाक कुणाचं, यावर गंभीर परिसंवाद चाललेला. बाळंतविडा आईच्या नावाने येतो, पण पिशव्यांतून निघत होती फक्त झबली. सोफ्याच्या टोकाला बसलेली सई म्हणाली, "मला खूप थंडी वाजतेय."

"अगंबाई, मग बाळालाही वाजत असेल," कुणीतरी म्हणालं, आणि बाळावर आणखी एक शाल चढली. मी तत्परतेने हीटिंग वाढवलं आणि या महान योगदानानंतर बटाटेवड्यांकडे वळलो. मातृत्वाच्या महतीवर आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी भाषण करणारा तो मीच!

खिडकीशी आमचे व्याही बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं. गर्दीत ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात आणि मग त्यांच्याशी कुणी बोलत नाही. बिचारे नुसते चेहरे पाहत बसतात. ते एकदम, बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो, सईचे दात वाजतायत. कुणी बघतंय का तिच्याकडे?"

बायकोने सईच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. अँब्युलन्स आली. संसर्ग रक्तात उतरला होता. आयसीयूच्या बाहेर आम्ही दोघं नवरा-बायको बसलो असताना माझा मोबाइल सारखा वाजत होता, आणि प्रत्येक जण प्रेमाने, अगदी मनापासून, एकच विचारत होता: "बाळ कसं आहे?" बाळ उत्तम आहे, मी म्हणत होतो. आणि तो मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटत होता. ज्या देहातून ते बाळ आलं, तो पलीकडे नळ्यांना टांगलेला असताना त्याच्याबद्दल विचारायला एकही जीभ वळू नये? फळ हाती आलं की झाडाला कोण विचारतो, असंच ना?

सई वाचली. म्हणून तर आज ती, अजून फिकट, बाळाच्या बग्गीच्या दांड्याचा आधार घेत, माझ्या शेजारी त्या शिल्पासमोर उभी होती. माझं पुटपुटणं ऐकून म्हणाली, "बाबा, चिल ना. आणि तो बैल बघा. तो बेबीकडे बघतच नाहीये."

खरंच की! गव्हाणीवरून मान लांबवून, बाळाला ओलांडून, तो मुका जीव एकटक मेरीकडे पाहत होता.

"सासऱ्यांना फोटो पाठवू?" सईने विचारलं.

"खबरदार. व्याह्यांना बैल म्हटलं तर तुझी आई मला गोठ्यात बांधेल."

ती हसली, पुष्कळ दिवसांनी. तेवढ्यात एक आजी बग्गीवर ओणवल्या, "गॉर्जस!" म्हणाल्या आणि मान वर न करताच पुढे गेल्या. माझा पारा पुन्हा चढला. दाराशी लोकांसाठी घडीची स्टुलं टांगलेली असतात. तरातरा गेलो, दोन काढली. एक सईच्या मागे उघडलं. "बस," म्हणालो, आणि ती मुकाट्याने बसली. दुसरं शिल्पासमोर उघडून ठेवलं आणि स्वतः उभाच राहिलो.

तिथला अटेंडंट अदबीने जवळ आला. या स्टुलावर कुणी बसणार आहे का, म्हणाला.

मी मेरीच्या त्या गुडघ्यांकडे पाहिलं. गारठा अजून तसाच होता.

"हो," मी म्हणालो. "ती उठली की."