कॉनच्या मानेवरचा पंजा

आयर्लंडमधल्या आमच्या कॉर्कच्या बंदराकाठी औषधांचा कारखाना आहे, अर्धं गाव त्याच्यावर जगतं. कॉन हर्लिही हा तिथं अठरा वर्षं पेनिसिलिनची पूड चाळत होता आणि शेजारच्या यंत्रावर मी. त्याची बायको नोनी पलीकडं पॅकिंगच्या हॉलात मुकादम. घरातली मुकादमी तर तिच्याकडं लग्नापासूनच होती. त्यामुळं पूडखोलीतले आठ तास हेच काय ते कॉनचं राज्य. तिथं तो घोड्यांच्या शर्यतीवर तास तास बोलायचा आणि त्याला ‘पाय पूस’ म्हणणारं कुणी नसायचं.

वसंतात त्याच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. तिथनं मनगटं, मग मान. कातडी लाल होऊन फुटली. कारखान्याचा नियम साधा होता, पूड बाधली की माणूस पॅकिंगला. म्हणजे नोनीच्या हाताखाली. म्हणून कॉन साबणाला बोल लावी, कुत्र्याला लावी, सासूनं विणलेल्या स्वेटरला लावी. स्वेटर तर त्यानं जाळलाच. खाज काही गेली नाही, पण सासू बोलायची बंद झाली, तेवढा फायदा.

शेवटी तो हॅना ट्वोमीकडं गेला. म्हातारी म्हणजे सातव्या मुलीची सातवी मुलगी, तिच्या हाताला गुण. आमच्याकडं माणूस आधी तिथं जातो, डॉक्टर मागनं. हॅनाला पैसे द्यायचे नसतात आणि आभार तर मुळीच मानायचे नसतात. मानले की गुण गेला. तिनं मानेवर हात ठेवून काहीबाही पुटपुटलं आणि पंधरा दिवसांत कॉनची कातडी लोण्यासारखी झाली. ते पंधरा दिवस कारखाना उन्हाळ्याच्या सुट्टीला बंद होता, हे मी त्याच्या कानावर घातलं. त्यानं मला नास्तिक ठरवलं.

कारखाना उघडला आणि तिसऱ्या दिवशी कॉन पुन्हा मान खाजवत उभा.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "फाटकातनं निघताना तोंडातनं ‘लई उपकार झालं’ निसटलं बघ."

पुन्हा हॅनाकडं निघाला, तोंड शिवल्यासारखं मिटून. गाडी मी चालवली. आम्ही गेलो तेव्हा म्हातारी भावासाठी गोळी बारीक करत होती. त्याची छाती भरलेली, गोळी गिळता येत नव्हती, म्हणून तळव्यात चुरून जॅममध्ये कालवत होती. पेनिसिलिनचं पाकीट बघून कॉनची छाती फुगली. "ही आमचीच," म्हणाला. हॅनानं हात एप्रनला पुसल्यासारखा केला आणि त्याच्या मानेवर ठेवला. निघताना कॉननं मान हलवून निरोपसुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्यानं कॉलर खाली केली. मानेवर तळवा, चार बोटं आणि अंगठा, शिक्का मारल्यासारखे लालबुंद उठले होते. आरशात बघून तो बाकावर बसला.

"म्हंजी पूडच हाय," एवढंच बोलला.

कॉलरीत ते काही मावेना. कारखान्याच्या नर्सबाईनं बघितलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, नोनी घरात हात उगारते का?

कॉननं हे मला मागनं सांगितलं. हो म्हटलं असतं, तर त्याला नोनीच्या हाताखाली धाडायची कुणाची छाती झाली नसती. ते ‘हो’ जिभेच्या टोकापर्यंत आलं. नर्सबाईनं पेन उचललं. तेव्हा त्याला रविवारचं चर्च दिसलं, नोनीकडं वळलेल्या सगळ्या माना दिसल्या.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "नोनीला हात उगारायची गरजच पडत न्हाई. ह्यो हॅनाचा हाय." आणि सगळं ओकला.

सोमवारी तो पॅकिंगला गेला. नोनीनं त्याला केसांची जाळी दिली आणि आपल्या टेबलासमोरच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं केलं. महिन्याभरात कातडी साफ झाली. चहाच्या सुट्टीत मी विचारलं, कसं काय चाललंय?

"खाज गेली," कॉन म्हणाला आणि घोड्यांचं काहीतरी सांगायला लागला.

"कॉन," हॉलाच्या दारातनं नोनी म्हणाली, "तुझा चहा झाला."

कपात अजून अर्धा होता. त्यानं तो खाली ठेवला.