एका कोपऱ्यावरची पाच दुकानं

दक्षिण कोरियातल्या गुन्सान शहरी, आमच्या वाचनालयात दुसऱ्या मजल्यावर ओक-बून बसते. टेबलावर पाटी आहे, 'धंद्याची माहिती मोफत'. तिच्या शेजारी मी परत आलेली पुस्तकं घेते. सहा वर्षांत आमची भांडणं झाली ती एकाच कारणावरून, ती लोकांना फार वेळ देते. नोकरीतून सुटला की जो तो चिकन तळायचं दुकान काढायला निघतो आणि ही त्याच्यासोबत सरकारी साइट उघडून तास तास बसते. कुठल्या गल्लीत कोण राहतं, दुपारी किती माणसं फिरकतात, कुठलं दुकान कधी उघडलं, कधी बंद पडलं, सगळं तिथे फुकट दिसतं. फक्त ते शोधायचं कुठे, हे कोणाला ठाऊक नसतं.

त्या मंगळवारी थाक जोंग-गू आले. सत्तावीस वर्षं जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करून निवृत्त झालेले. हातात ताकदीच्या पेयाच्या बाटल्यांचा खोका, रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून. आयुष्यभराची पुंजी घालून चिकनचं दुकान घेणार होते. तीन वाजता करारावर सही होती आणि बायकोने दटावून आधी इकडे पिटाळलं होतं.

"बघून टाका पटकन, बाई. घरी सांगायला झालं."

"पत्ता सांगा."

त्यांनी सांगितला. ओक-बूनची बोटं थांबली. मला वाटलं, साइट अडकली. मग तिने सावकाश पत्ता टाकला. पडद्यावर पाच ओळी आल्या. एकाच गाळ्यात एकामागून एक पाच चिकनची दुकानं, पाचही बंद.

थाकसाहेब हसले. "गाढवं आहेत झालं! तळता तरी येत होतं का यांना? हा तिसरा बघा, अकरा महिन्यांत गाशा गुंडाळला. आळशी असणार लेकाचा."

"आळशी नव्हते," ओक-बून म्हणाली. "रोज चौदा तास उभे असायचे. माझे मिस्टर आहेत ते."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. इतकी वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं, याची लाज वाटली.

थाकसाहेबांनी टोपी काढली. "माफ करा, बाई. माझ्या जिभेला हाड नाही." मग हळूच म्हणाले, "काय चुकलं त्यांचं?"

"काहीच नाही. सगळं नीट केलं. म्हणून तर सांगतेय."

त्यांनी पडद्यावर बोट फिरवत पाचही ओळी पुन्हा वाचल्या. मग गाळा दाखवणाऱ्या एजंटला फोन लावला. "आज नको. नाही हो, उद्याही नको." जाताना कमरेत वाकून तिला नमस्कार केला. मलाही केला, मी काही केलं नव्हतं तरी.

ओक-बून तशीच बसून होती.

"गावाला शोधून देतेस," मी चिडून म्हणाले, "आणि स्वतःच्या दुकानाचा पत्ता कधी टाकला नाहीस?"

"धीरच झाला नाही गं. मी तो रस्तासुद्धा टाळते. आमच्या आधीचा दुकानदार सोल शहरात मोठं दुकान काढायला गेला, असं सांगितलं होतं आम्हाला."

तिने पाच ओळींचा कागद छापून घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. डोळे भरले होते, पण चेहरा कितीतरी हलका दिसत होता.

"आज लवकर घरी जाऊ का मी? सहा वर्षं आमचे हे एकच म्हणतात, फक्त मलाच जमलं नाही."

"जा," मी म्हणाले. "टेबल मी बघते."